परतीची तार

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आकाशकंदील टांगताना घरोघरचा गृहस्थ घटकाभर वायरमन होतो. दोन तारांची टोके सोलायची, त्यांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची आणि ‘लाव रे बटण!’ म्हणून मुलाला ओरडून सांगायचे. कंदील लागला की आपली विद्या सार्थकी लागली. चार दिवसांचा तर प्रश्न! घरातली वीज तशी मोठ्या मनाची असते. आपले असले कच्चे जोड ती बहुधा पोटात घालते.

पाण्यावरची वीज मात्र इतकी उदार नसते. हे मला कळले ते मालवणकडे, माझ्या सासुरवाडीला.

माझ्या मेहुण्याची तिथे एक बोट आहे. मासेमारीची नव्हे, पाहुण्यांना कर्ली नदीच्या खाडीत हिंडवून आणण्याची. २६ फूट लांबीची लाकडी बोट; वर रंगीत छत, मागे पेट्रोलचे यंत्र, आणि कडेला दिव्यांच्या माळा. संध्याकाळी ती पाण्यात उभी राहिली म्हणजे एखाद्या लग्नघरासारखी दिसते. लाकडी बोट म्हटली की सांध्यांतून थोडे पाणी झिरपायचेच. ते पोटात साचते आणि विजेचा एक लहानसा पंप ते बाहेर फेकतो.

गेल्या मोसमात एका संध्याकाळी चौदा माणसे घेऊन बोट खाडीत होती. पंपाचा आवाज येत होता, पण पाणी उतरायचे सोडून चढत होते. हळूहळू ते पायांखालच्या फळ्यांवर आले. एका चिमुरडीची चप्पल तरंगू लागली. तिला मोठी गंमत वाटली. मेहुण्याच्या पोटात मात्र गोळा आला. त्याने हसतमुखाने बादली काढली, मदतीच्या पोराला उपसायला बसवले आणि बोट काठाला आणली. पाहुण्यांनी उतरताना छायाचित्रे काढून घेतली. त्या रात्री मेहुणा जेवला नाही.

त्याने नवा पंप आणला. तोही तसाच! “भावजी, पंप चलता, पण पाणी खेचणा नाय,” मे अखेरीस आम्ही गेलो तेव्हा तो मला सांगत होता. पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून घेतलेली होती. दोष तारांत असावा, ही शंका त्याला आली नव्हती असे नाही. पण ती बोलून कोण दाखवणार? बोटीतल्या सगळ्या तारा माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ओढलेल्या. उभा जन्म त्यांनी मोटारींच्या कारखान्यात घालवला. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या कामात खोट काढणे म्हणजे घरात सुतक आणण्यासारखेच होते.

घरातला टेस्टर इथे कुचकामाचा. १२ व्होल्टांवर तो पेटतच नाही. मेहुण्याने मीटर आणला, पंपाच्या तारा सोडवल्या आणि त्यांच्या टोकांना लावला. १२.६! भरलेल्या बॅटरीने दाखवावा तेवढा आकडा. “वायर चांगली आसा,” तो सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला.

ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, “रिकाम्या तारेक काय इचारतंस? भार घाल, मगे इचार.”

आम्ही तारा पुन्हा जोडल्या, घमेलेभर पाण्यात पंप ठेवला, तो चालू केला आणि मग मोजले. बॅटरीपाशी १२.४ आणि पंपापाशी ९.१! सव्वातीन व्होल्ट वाटेतच कुठेतरी गडप होत होते.

यातले मर्म मला उशिरा का होईना, उमगले. जोड कितीही किडलेला असो, त्यातून प्रवाह वाहत नाही तोवर तो अगदी सज्जन दिसतो. काम अंगावर पडले की त्याचे खरे रूप बाहेर येते. त्यात घरच्या आणि बोटीच्या विजेत एक मोठा फरक. अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या, जाऊन-येऊन १६ मीटर. त्यातून चार अँपिअर प्रवाह गेला, तर धडधाकट तारेतही सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. घरच्या २३० व्होल्टांतून अर्धा गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बारांतून गेला तर शेकडा चार गेले! म्हणूनच पंप, खुणेचे दिवे अशा जिवाशी गाठ असलेल्या गोष्टींसाठी शेकडा तीनांहून अधिक घट होऊ देऊ नये, असा बोटवाल्या कारागिरांचा दंडक आहे.

आता चोर शोधायचा. मेहुण्याची नजर गेली लाल तारेकडे. बॅटरीकडून पंपाकडे वीज नेणारी ती. आपणा सर्वांची नजर तिकडेच जाते. नेणाऱ्या तारेचे कौतुक असते. तिला बटण असते, फ्यूज असतो. सासरे ओसरीवरून उतरले आणि त्यांनी काळ्या तारेकडे बोट दाखवले. वीज नुसती जाऊन भागत नाही; तिला बॅटरीकडे परत यावे लागते. पंप चालू ठेवून आम्ही मीटरचे एक टोक पंपाच्या काळ्या तारेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. २.६! जाण्याच्या वाटेवर सात दशांश व्होल्ट आणि बाकीचे सगळे परतीच्या वाटेवर जात होते.

त्या तारेचा माग काढत आम्ही बोटीच्या तळाशी पोचलो. पंप, दिवे, भोंगा, गाण्यांची पेटी, फोन चार्ज करायचा सॉकेट या सगळ्यांच्या परतीच्या तारा एकीत एक अडकवत शेवटी एकाच जोडाला आणून बांधल्या होत्या. आणि तो जोड नेमका पाणी उडते तिथे. चिकटपट्टी उलगडली तर आत तांबे उरलेच नव्हते. नुसती हिरवी भुकटी.

मी दुसरीकडे पाहू लागलो. मेहुणा मुकाट्याने पट्टी पुन्हा गुंडाळायला निघाला.

“माज्या हातची म्हणान ठेवतंस काय? काढून टाक ती,” सासरे म्हणाले. आणि क्षणभराने, “तांब्याच्या भांड्यात कोण ताक ठेवता काय? कल्हईची तार घाल.”

कल्हई! लहानपणी दारात भाता मांडून बसणारा कल्हईवाला, नवसागराचा तो धूर आणि कथलाचा बोळा फिरताच भांड्यात पडणारा चांदणी उजेड माझ्या डोळ्यांपुढे आला. कळकलेल्या भांड्यातले जेवण आजी आम्हाला देत नसे. हिरवे झालेले तांबे म्हणजे विष, इतके रसायनशास्त्र तिला पुरेसे होते. खारट हवा तारेच्या वेष्टनाखाली शिरते आणि बारीक धाग्यांमधून आत आत चढत जाते. म्हणून बोटीसाठीच्या तारेत प्रत्येक धाग्याला त्याच कथलाचा मुलामा दिलेला असतो.

तरी न्यायाने बोलायचे तर सासऱ्यांनी ते काम केले तेव्हा बोटीत एकच दिवा होता. पुढची पंधरा वर्षे घरातल्यांनी एकेक नवी हौस त्याच जोडाच्या गळ्यात बांधली. त्याला झेपते का, हे कुणी विचारले नाही. हे मी बोलून दाखवले, तेव्हा सासरे फक्त हसले.

पुढचे चार दिवस त्यांच्या हाताखाली आम्ही दोघे उमेदवारी करत होतो. चार चौरस मिलिमीटरची कल्हईची तार आणली. बॅटरीपासून वीतभरातच मुख्य फ्यूज आणि पुढे प्रत्येक वाटेला आपापला. पंपाची जोडणी थेट बॅटरीवरून, त्याच्या स्वतःच्या फ्यूजमधून आणि तरंगत्या स्विचने. म्हणजे मुख्य बटण बंद असले तरी पाणी चढताच तो आपणहून सुरू व्हावा. टोकांना नुसता डाख नव्हे, दाबून बसवलेले लग. कारण बोटीच्या हादऱ्यांनी तार डाखाच्या कडेलाच तुटते. जोडापूर्वी तारेला खाली झोळ, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच टपकते. डाव्या अंगाचा तांबडा आणि उजव्या अंगाचा हिरवा, हे खुणेचे दिवे एलईडीचे केले. तारांवरचा भार तेवढाच हलका. आणि परतीच्या तारा आता एकमेकींच्या गळ्यात नाहीत. प्रत्येक जण उंचावर बसवलेल्या पितळी पट्टीपाशी स्वतंत्रपणे पोचते.

मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला चिठ्ठ्या आल्या. कोणती तार कशाची, हे ठळक अक्षरांत लिहून मी प्रत्येकीला बांधले. काळ्या तारांवर मी ‘ऋण’ लिहू लागलो, तर सासऱ्यांनी हात धरला. शास्त्राला धरून असला तरी तो शब्द त्यांना घरात नको होता. त्यांच्या सांगण्यावरून मी लिहिले : ‘परत’.

ऑगस्टच्या अखेरीस बोट पुन्हा पाण्यात उतरली. त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. बॅटरीपाशी १२.५, पंपापाशी १२.२. मी अभिनंदनाचे काही म्हणणार, तोच मागून म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला :

“सांग त्येंका, भार घालून मोजलां हां!”