आत किती, बाहेर किती

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेला पेशंट थिएटरमधून वॉर्डात आला, की आधी खाली बघायचं, मग वर. मूत्राशय सतत धुण्यासाठी स्टँडवर टांगलेली 3 लिटरची सलाईनची पिशवी सगळ्यांनाच दिसते. खाटेच्या कडेला अडकवलेल्या युरोबॅगमध्ये पडतंय का, ते बघायला वाकावं लागतं. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली मावतं. बाहेरची वाट बंद आणि आतली पूर्ण उघडी असेल, तर तेवढं भरायला काही मिनिटं पुरतात. म्हणून चालू करताना आधी खालचा क्लॅम्प उघडा आणि मग वरचा. थांबवताना उलट, आधी वरचा बंद. बाहेरची वाट अडलेली असताना वरून आत थेंबही जाऊ द्यायचा नाही. बाकी सगळं शिकायला वेळ लागला तरी चालेल, हे पहिल्या दिवशी आलं पाहिजे.

*

थ्री-वे कॅथेटरला तीन तोंडं. एकातून सलाईन आत जातं, एकातून सगळं बाहेर येतं, आणि तिसरं, रंगीत झडपेचं, फुग्याचं. घाईत, अपुऱ्या उजेडात, फुग्याच्याच तोंडात सिरिंज लावून वॉश द्यायला जाणारे हात असतात. फुगा फुगत जातो आणि फुटतो, मग त्याचा तुकडा मूत्राशयात शोधत बसा. झडपेचा रंग नळीचा नंबरही सांगतो: 20 पिवळा, 22 जांभळा, 24 निळा. नंबरला तीनने भागलं की नळीची बाहेरची जाडी मिलीमीटरमध्ये मिळते. ही मोजपट्टी पॅरिसच्या शारियेरची, एकोणिसाव्या शतकातला शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर. 24 नंबर म्हणजे 8 मिलीमीटर. जाड वाटतं, पण रक्ताच्या गाठी 14 नंबरच्या नळीतून येत नाहीत.

*

फॉली हा अमेरिकन युरॉलॉजिस्ट. 1930च्या दशकात त्याने फुग्याचं कॅथेटर पुढे आणलं; पेटंटचा वाद मात्र तो हरला आणि पेटंट गेलं रबर कंपनीतल्या राइश नावाच्या माणसाकडे. आज जगभरच्या वॉर्डात सगळे ‘फॉलीज’ मागतात. राइश कुणी मागत नाही.

*

फुग्यात सलाईन भरू नये, स्टराइल वॉटर भरावं. मिठाचे कण त्या बारीक वाटेत साचले, तर नळी काढायच्या दिवशी फुगा रिकामा होत नाही. मूत्राशय धुवायला मात्र सलाईनच, 0.9 टक्क्यांचं. साधं पाणी रक्तात शोषलं गेलं तर तांबड्या पेशी फुटतात.

*

रंग. ऑपरेशननंतर पहिले काही तास युरोबॅग लाल असते आणि नातेवाईक बाहेर रडायला लागतात. थोडंसं रक्त भरपूर पाणी रंगवतं, हे त्यांना शांतपणे सांगावं. कोकम सरबताइतका रंग असेल तर धार जरा वाढवायची, फिकट गुलाबी झाला की कमी करायची. मिनिटाला अमुक थेंब असा आकडा मला कुणी विचारला तर मी सांगत नाही. धार रंगावर ठरते. आणि रंग पिशवीत बघू नये, नळीत बघावा. पिशवीत दोन तासांपूर्वीचं रक्त असतं, नळीत आत्ताचं. धार वाढवूनही नळीतला रंग दाटच येत असेल, तर डॉक्टरांना फोन. तिथे सलाईनच्या पिशव्या बदलत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

*

नातेवाईक लाल रंगाला घाबरतात. मी गाठींना घाबरते.

*

हिशोब. ड्यूटीत 3 लिटरच्या 4 पिशव्या गेल्या, म्हणजे 12,000 मिली आत. युरोबॅगमधून मोजून काढलं 13,100. म्हणजे पेशंटची स्वतःची लघवी 1,100. चार्टवर ‘आउटपुट 13,100’ एवढंच लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. राउंडला आलेला डॉक्टर मूत्रपिंडं छान चाललीत असं समजून पुढे जातो. खरा धोका उलट्या वजाबाकीत असतो, म्हणजे बाहेर कमी आणि आत जास्त. उरलेलं गेलं कुठे? नळी तुंबून मूत्राशयात साठलं असेल, कडेने गळून गादीत मुरलं असेल, किंवा ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला छिद्र पडलं असेल तर पोटात झिरपत असेल. वरची धार बंद करायची, पोटाला हात लावून बघायचं, चादर बघायची, आणि लगेच कळवायचं.

या हिशोबाचे दोन मोठे शत्रू म्हणजे चांगुलपणाने न मोजता युरोबॅग रिकामी करणारे वॉर्डबॉय मामा, आणि त्यांना मदत करणारा पेशंटचा जावई. दोघांच्याही हातात मापाचं भांडं द्यावं. रागावून उपयोग होत नाही. धार जोरात असेल तर 2 लिटरची युरोबॅग बघता बघता भरते आणि काठोकाठ भरली की पुढचं पाणी अडतं. रात्री तीन वाजता हे जास्त होतं, कारण तेव्हा जावईही झोपलेला असतो.

*

‘सिस्टर, लघवीला लागलीय.’

‘नळी आहे ना आजोबा, होऊ द्या.’

हे उत्तर तोंडात बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतं. फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकलेला असल्याने भावना होतेच. पण उत्तर देण्याआधी ओटीपोटावर हात ठेवा. टणक, फुगलेलं लागलं, युरोबॅगमध्ये काही पडत नसलं, आजोबा घामाघूम झाले असले, तर नळी आहे पण चालत नाही. पोट मऊ आहे, धार पडते आहे आणि तरी अधूनमधून कळ येते, कडेने थोडं गळतं, तर तो मूत्राशयाचा आकडी येण्यासारखा ताण. त्याला औषध आहे. थंड सलाईनने तो वाढतो, म्हणून पिशवी खोलीच्या तापमानाला आलेली असावी. फ्रीजमधली नको आणि गरम पाण्यात बुडवून ठेवलेलीही नको.

आणि चांगले बोलणारे आजोबा अचानक बरळायला लागले, नळ्या ओढायला लागले, तर ‘वयामुळे’ म्हणून त्यांचे हात बांधू नका. आधी नळी तुंबली आहे का ते बघा. मग ऑपरेशन कशात झालं ते विचारा. जुन्या पद्धतीच्या विजेच्या तारेने प्रोस्टेट खरवडताना सलाईन चालत नाही, ग्लायसिनचं द्रावण वापरतात. ते फार शोषलं गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमात जातो. ग्लायसिनचीही पिशवी 3 लिटरचीच, दिसायलाही तशीच. वॉर्डात टांगायच्या आधी लेबल मोठ्याने वाचावं. मी वाचते, पोरी हसतात, हसू देत.

*

नळी तुंबली की सिरिंजकडे धावायच्या आधी: पेशंट नळीवर झोपलाय का, नळीला पीळ पडलाय का, युरोबॅग भरली आहे का, की कुणी उचलून ती गादीवर ठेवली आहे? पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला न टेकता. अर्ध्या ‘तुंबलेल्या’ नळ्या इथेच सुटतात.

नाही सुटली तर हाताने वॉश, आणि तो डॉक्टरांच्या सूचनेने. वरची धार बंद. हात धुऊन स्टराइल ग्लोव्हज, स्टराइल वाटीत सलाईन, रुंद तोंडाची 50 मिलीची सिरिंज. सांधा अँटिसेप्टिकने पुसून मगच सोडवायचा, आणि युरोबॅगच्या सुटलेल्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. 50 मिलीपर्यंत सावकाश आत, मग तितक्याच सावकाश ओढायचं. ओढलेलं सलाईन परत आत नाही, ते किडनी ट्रेमध्ये. गाठ आली की नळी एकदम मोकळी होते आणि पेशंटचा चेहरा सैल पडतो. आत घातलेलं परत येत नसेल, तर आणखी घालू नये. पिस्टनवर जोर काढायचा मोह फार होतो. मूत्राशयातला ट्यूमर खरवडून काढलेला असेल, तर तिथली भिंत इतकी पातळ असते की तो जोर तिला पेलत नाही. हात थांबवा, सर्जनला बोलवा.

*

घरी कायमची नळी असलेल्यांच्या मुली विचारतात, ‘आठवड्याला एकदा धुऊन घेऊ का? स्वच्छ राहील.’ नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या 2009च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: रक्तस्रावाने तुंबण्याची शक्यता नसेल तर वॉश नको. दर वेळी सांधा उघडला की जंतूंना दार उघडतं. नळी वरचेवर खर धरून तुंबत असेल, तर बऱ्याचदा प्रोटियस जातीचे जंतू असतात. ते युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात आणि क्षार नळीच्या टोकाला बसतात. असं झालं की सहसा नळी बदलावी. खडा तर नाही ना, तेही बघून घ्यावं.

*

वेगळी जात: मणक्याला वर, छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्याही वर दुखापत झालेले पेशंट. खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक केंद्र आहे, तिथल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. अशा माणसाला मूत्राशय भरल्याचं कळत नाही, पण नळी तुंबली की डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो, ब्लड प्रेशर झपाट्याने चढतं. त्याला उठवून बसवायचं आणि डोकेदुखीच्या गोळीआधी नळी बघायची. मूत्राशय आधीच भरलेलं असतं, म्हणून वॉशचं सलाईन आत दामटायचं नाही. चटकन सुटली नाही तर नळी बदलायची.

*

नळीसकट घरी जाणाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर या चार गोष्टी मी स्वतः लिहिते: नळीचा नंबर, ती लॅटेक्सची की सिलिकॉनची, घातल्याची तारीख, आणि फुग्यात किती मिली. तालुक्याच्या दवाखान्यात ती कुणीतरी काढणार असतं, आणि 30 मिली भरलेल्या फुग्यातून 10 मिली काढून नळी ओढू लागतं.