वाद्याची पारख

ज्यानें वाद्य कधीं हातांत धरलेलें नसतें, तोच बहुधा त्याचा कठोर परीक्षक होतो. निदान आमची तरी तशी गत झाली. आमच्या पुतण्यास क्लॅरिओनेटचा छंद लागला. "वरातींतलें वाद्य तें!" म्हणून घरांतील वडील मंडळींनीं प्रथम नाकें मुरडलीं, पण मास्टर इब्राहिम यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांच विरोध मावळला. भाईंदरजवळील राई गांवीं एक वृद्ध वादक, दमा जडल्यामुळें, आपलें वाद्य विकणार असल्याचें कळलें, तेव्हां आम्ही पुतण्यासह तेथें गेलों.

मुलानें फुंकर घालतांच खालचे सूर फुसफुसूं लागले. "वाद्य बिघडलेलें दिसतें, बाबा," आम्ही म्हणालों.

"आधीं पत्ती बदलूं, साहेब," ते शांतपणें म्हणाले. बोरूची नवी पत्ती ओली करून बसवितांच बरीच फुसफुस गेली. मग त्यांनीं वरची नळी सुटी केली व छिद्रें बोटांनीं मिटून, खालचें तोंड तळहातानें दाबून, वरून श्वास ओढावयास सांगितलें. नळी निर्दोष असेल तर ओढ टिकते; येथें ती टिकेना. तेव्हां एकेका चावीच्या गादीखालीं सिगारेटच्या कागदाची पट्टी धरून त्यांनीं चावी मिटली व पट्टी हळूच ओढली. एके ठिकाणीं ती अडल्यावांचून निघून आली.

"ही गादी गेली. मिठागरांची दमट हवा तिला सोसली नाहीं. तिचे पैसे वजा करा," ते आपण होऊन म्हणाले. लांकडास तडा नाहीं, हेंही त्यांनीं उजेडांत फिरवून दाखविलें.

तेवढ्यानें आमचें समाधान होईना. डाव्या हाताच्या तर्जनीच्या व अंगठ्याच्या चाव्या मिळून निघणारा एक सूर शेजारच्या सुरांहून कोंदट वाटला. "हा तर उघड दोष! आणखी कमी करा," आम्हीं बजावलें. बाबा कांहींच बोलले नाहींत.

"काका," पुतण्या हळूच म्हणाला, "माझ्या मास्तरांच्या वाद्यावरही हा सूर असाच निघतो."

तें खरें होतें. सनईची नळी खालीं रुंदावत जाते, म्हणून तींत 'सा'वरून तार 'सा' लागतो. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक सारख्या रुंदीची, म्हणून तेथें 'सा'वरून एकदम तार सप्तकांतील पंचम लागतो. या उडीसाठीं अंगठ्याजवळ एक बारीक छिद्र असतें, आणि तो कोंदट सूरही त्याच छिद्राकडून काढून घेतात. उडीस तें बारीक हवें, सुरास मोठें. ही तडजोड सुरास भोंवते. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनरनें हें वाद्य सिद्ध केलें. तीन शतकें लोटलीं, तरी सर्वसाधारण वाद्यांत ती तडजोड कायम आहे.

आम्ही ओशाळलों. ज्यानें खरा दोष आपण होऊन सांगितला, त्याच्याच गरजेवर, नसता दोष काढून, आम्ही भाव पाडूं पाहत होतों. आम्हीं मुकाट्यानें पूर्ण किंमत पुढें केली. बाबांनीं गादीचे पैसे मोजून काढले व मुलाच्या हातांत परत ठेवले.

आतां तें वाद्य रोज संध्याकाळीं घरांत वाजतें. तो सूर अजून कोंदटच आहे. तो आला कीं पुतण्या आमच्याकडे पाहतो, आणि आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरतों.