दोन उशा, सहा मीटर गाडी
मोटरहोम बुक करताना आपण काय बघतो? खिडकी, खिडकीबाहेरचा तलाव आणि भाडं. बेड काय, असतोच! पण न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर नवऱ्याबरोबर आठ रात्री काढल्यावर सांगते, छोट्या गाडीत बाकी सगळं निभावतं, अपुरी झोप नाही. सकाळी घाटात स्टिअरिंग धरायचं असतं ना!

ख्राइस्टचर्चहून तेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, त्यामुळे टेन्शन नाही. तेकापोचा परिसर 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे चांदण्या बघायला मध्यरात्री उठणं आलंच. बेडची खरी परीक्षा तिथेच.

पहिला प्रकार मागच्या बाजूचा आडवा बेड. कायम तयार, खाली बॅगांना ऐसपैस जागा. पण फियाट डुकाटोसारखी व्हॅन आतून जेमतेम 187 सेंटिमीटर रुंद, त्यातून भिंतींचं अस्तर वजा करा. पाच फूट अकराच्या नवऱ्याने पाय ठेवायचे कुठे? शिवाय मागच्या दाराकडे झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडूनच उतरावं लागतं.

दुसरा, लांबीच्या दिशेने दोन सिंगल बेड, मध्ये वाट. ज्याला हवं तेव्हा त्याने उठावं. पाय पसरता येतात, पण किचन आक्रसतं. मध्ये फळी आणि गादी टाकली की डबल बेडही होतो, म्हणजे रोमान्स शाबूत!

तिसरा, दिवसा सोफा आणि रात्री बेड. आम्ही हाच घेतला, कारण वेस्ट कोस्टचा पाऊस. तिथे दिवसभर आत बसायची वेळ आली, तेव्हा टेबल आणि मोठी खिडकी म्हणजे चैन होती. किंमत एवढीच, की रोज रात्री टेबल पाडा, गाद्या जुळवा, चादर खोचा. दमलेल्या दोघांत 'आज तुझा नंबर'वरून ठिणगी पडतेच.

तेव्हा उंची पाच-आठच्या आत असेल तर आडवा बेड घ्या. एकाला रात्री उठायची सवय असेल तर दोन सिंगल. पावसाळी भागात जाणार असाल तर सोफा. एक मात्र तपासाच: तिथे 'सेल्फ-कंटेन्ड' गाडीतलं टॉयलेट बेड घातलेला असतानाही वापरता यायला हवं, असा नियमच आहे.

आणि चावी घेण्याआधी दोघांनी बूट काढून बेडवर आडवं व्हा, एकेकाने उठून बघा. डेपोवाले हसले तर हसू देत. आठ रात्री तिथे तुम्हीच झोपणार आहात!