न पिणाऱ्याची भट्टीभेट

मी दारू पीत नाही, पिणारही नाही. तरी गेल्या मे महिन्यात एका दारूभट्टीवर तासभर उभा होतो. गोव्यात, सत्तरीच्या डोंगराळ भागात. सोबतच्या शिक्षकांना फेणी कशी काढतात ते बघायचे होते. मी एकटा कुठे थांबणार?

काजूची बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात, आचेवर ठेवतात आणि वाफ थंड करून थेंब गोळा करतात. पहिल्यांदा निघते ती उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. उर्दू शिकवतो ना, 'उर्राक' ऐकताच कान टवकारले. हा तर आपला अरबी 'अरक', मूळ अर्थ घाम! आपला अर्क-ए-गुलाबही असाच निघतो. नवव्या शतकात अल-किंदीने अत्तरे गाळण्यावर पुस्तकच लिहिले होते.

मालकाने परवाना दाखवला. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, हे अभिमानाने सांगितले. पर्यटक भट्टीचे फोटो काढत होते.

मला साकोली आठवली. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात. बायका-पोरे टोपल्या घेऊन जंगलात जातात. फुले वाळवतात, खातात, विकतात. काही घरांत त्यांची दारूही गाळतात. तीच आच, तीच वाफ, तेच थेंब. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार ही हातभट्टी गुन्हा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला हातभट्टीसाठी पकडले होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "दारूच्या पैशात बरकत नसते." नाव घेतले नाही, पण नजर तिच्याकडेच गेली. ती मान खाली घालून बसली. नंतर शाळेत आलीच नाही.

दारू माझ्यासाठी हराम आहे, हे भट्टी बघून बदललेले नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरेही मी पाहिली आहेत. पण गोव्याच्या त्या मालकाला मी 'सर' म्हणत होतो, चहाबद्दल आभार मानत होतो. त्याच्या पैशातल्या बरकतीबद्दल एक शब्द बोललो नाही. हराम तर दोन्हीकडे सारखेच होते. मग माझी जीभ त्या गरीब पोरीपुढेच का चालली?

ती मुलगी आता कुठे आहे, विचारतो आहे. भेटली तर माफी मागायची आहे.