न निवडलेलं अक्षर

मराठीत लिहिणाऱ्याचा लिनक्स संगणक लावून देताना मी आधी टर्मिनलमध्ये एफसी-मॅच ही आज्ञा देतो आणि तिला मराठीचं भाषाचिन्ह जोडतो. उत्तरात एका फॉन्टचं नाव येतं. तो माणूस पुढची कित्येक वर्षं त्याच अक्षरात वाचणार, लिहिणार. आणि ते त्याने निवडलेलं नसतं.

मग टेक्स्ट एडिटरमध्ये माझी ठरलेली ओळ टंकतो : ‘दऱ्याखोऱ्यांत शीतल लव्हाळी, कीर्तींचं कार्त्स्न्य.’ ‘दऱ्या’तला अर्धा र फॉन्टला जमत नसेल, तर र खाली टिंब घेऊन पाय मोडून उभा राहतो. ‘कीर्तीं’त वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात. ओळीची उंची रोमन अक्षरं धरून ठरलेली असली, की त्यांचा माथा छाटला जातो. ती उंची मी अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्तच ठेवतो.

पण खरी नजर ल आणि श यांवर. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं, हिंदीची वेगळी. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांसाठी क्रमांक एकच. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ते सांगायला जागाच नसते. म्हणून प्रणालीची भाषा मराठी करावी, किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’सारखा मराठीसाठीच घडवलेला फॉन्ट फॉन्ट्स.कॉन्फ या फाइलमध्ये पहिला लावावा. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. कोड लिहिणाऱ्यांच्या एडिटरमध्ये क्रम उलटा : आधी समरुंद रोमन, मग देवनागरी. पहिल्यात नसलेलं अक्षरच दुसऱ्यात शोधलं जातं, त्यामुळे कोडचे रकाने मोडत नाहीत.

हे बारकावे क्षुल्लक नाहीत. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला आणि पडद्यावरची देवनागरी म्हणजे ‘मंगल’ असंच अनेकांच्या डोळ्यांत बसलं. विंडोज 8 पासून ‘निर्मला यूआय’ आला; तोही बहुतेकांनी न निवडताच स्वीकारला. म्हणून मी लिहिणाऱ्याला शेजारी बसवतो. त्याचाच एखादा जुना परिच्छेद दोन-तीन फॉन्टांत दाखवतो, आकार कमीजास्त करतो, तो मोठ्याने वाचायला लावतो. ज्यात वाचताना तो अडखळत नाही, तो फॉन्ट त्याच्यासमोरच पक्का करतो.