हरकत में बरकत

शहागंजच्या क्लॉक टॉवरची डागडुजी झाली, तेव्हा अब्बा मला मुद्दाम तो बघायला घेऊन गेले. वर्षानुवर्षं अंग टाकून उभा असलेला मनोरा उजळून निघाला होता. शहरातल्या काही जुन्या दरवाजांचंही काम स्मार्ट सिटी योजनेत झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आमच्या जुन्या शहराकडे कुणी प्रेमानं बघितलं की बरं वाटतं. अब्बा मात्र परतताना आमच्या दुकानासमोर थांबले आणि काही न बोलता पायरीकडे बघत राहिले. त्या पायरीची एक गोष्ट आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

बीएड होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली होती. बारीक अक्षरांत रस्त्याची रुंदी, गट क्रमांक, आणि शेवटी 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' मी ती वाचली. मला ती समजलीही. पण शाळेचे पेपर तपासायचे होते, मुदत लांब होती, आणि असल्या कागदांनी काय होतं, असं वाटून मी तो अंक रद्दीत टाकला. काही वर्षांनी ती रेषा खरोखर रस्त्यावर उतरली. दुकानाचा पुढचा चार फूट भाग गेला, जुनी दगडी पायरीही गेली. अब्बांनी एवढंच विचारलं, "बेटा, तुला तर मराठी येतं ना?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, मी वाढले ते औरंगाबादेत. नियोजन ही गोष्ट इथं कुणी बाहेरून आणलेली नाही. मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास खडकी वसवली ती पाण्याचा विचार करून. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणून त्यानं वस्तीपर्यंत पोहोचवलं. पुढे अशाच आणलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळलं गेलं. पाणी कुठून येणार आणि कुणाच्या ओंजळीपर्यंत जाणार, हे आधी ठरवलं होतं. नियोजन म्हणजे तरी दुसरं काय?

आज हेच काम विकास आराखडा करतो. महाराष्ट्रात त्यासाठी 1966 चा कायदा आहे. आराखड्याचं प्रारूप लोकांसमोर ठेवायचं, हरकती घ्यायच्या, नियोजन समितीनं त्या ऐकायच्या, मग तो मंजुरीला जातो. साधारण वीस वर्षांतून एकदा ही संधी येते. एकदा हुकली की तोवर पोरांची पोरं शाळेत जायला लागतात.

2024 मध्ये नवं प्रारूप आलं तेव्हा मी रद्दीची चूक पुन्हा करायची नाही, असं ठरवलं. नकाशाचा आमच्या भागाचा तुकडा मोठा करून छापून आणला आणि रविवारी घरच्या अंगणात दरीवर पसरला. गल्लीतल्या बायका आल्या, दोन-तीन म्हातारे आले. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, असं सांगत होते, तेवढ्यात शेजारचे चाचा खुश होऊन म्हणाले, "बाजी, यहाँ आरक्षण लिख्या है. अपनेकू आरक्षण मिल गया क्या?"

मला हसावं की रडावं कळेना. नोकरी-शिक्षणातलं आरक्षण आपण इतकी वर्षं मागतोय की तो शब्द दिसला तरी आशा वाटते. नकाशातलं आरक्षण म्हणजे ही जागा शाळा, बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. तिथं तुमचं घर असेल तर खुश व्हायचं नाही, लगेच अर्ज लिहायचा.

'हरकत'वर तर सगळे हसलेच. ओढण्यांची हातगाडी लावणाऱ्या खाला म्हणाल्या, "हरकती हमारे छोकरे करते, वो कायकू मंगारे?" उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, नाहीतर खोडी. मराठीत ती आक्षेप झाली. त्या दिवशी मी वहीत दोन रकाने केले. प्रारूप म्हणजे मसविदा, हरकत म्हणजे एतराज, सूचना म्हणजे तजवीज. शिक्षिका म्हणून इतकी वर्षं मी मुलांना शब्दार्थ पाठ करून घेतले, पण गल्लीला सगळ्यात जास्त गरज या शब्दार्थांची होती.

खालांना 2014 चा फेरीवाला कायदाही सांगितला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत फेरीवाल्यांना उठवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. खालांनी ते दोनदा विचारून घेतलं. मनोऱ्यावर दिवे लागले आणि त्याच्या सावलीत गाडी लावणारी बाईच उठवली गेली, तर बाजार देखणा होईल, पण तो बाजार राहणार नाही.

त्या अंगणात अकरा अर्ज लिहिले गेले. सगळे विरोधाचे नव्हते. तिघींनी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहाची जागा मागितली. एकानं रस्ता रुंद करा, पण पदपथ आधी द्या, असं लिहिलं. अर्ज देताना अब्बा माझ्यासोबत आले. प्रत्येक अर्जाची पोच त्यांनी स्वतः घेतली आणि घडी घालून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवली. निकाल काय लागायचा तो लागेल. घरी येताना मात्र ते दुकानासमोर थांबले नाहीत.

तुमच्या गावाचा आराखडा कधी ना कधी येईल. तुम्हाला मराठी वाचता येत असेल, तर तो अंक रद्दीत टाकू नका. शेजाऱ्याला हाक मारा, दरी पसरा. आपल्याकडे म्हणतातच, हरकत में बरकत. मराठीतल्या हरकतीलाही ते लागू पडतं.