गाडीतली खुळखुळ



बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहायला बसलो. विषय आमची गाडी. २००९ ची नोंदणी, म्हणजे सिंगापूरच्या हिशेबात आजीबाईच. इथे गाडी रस्त्यावर ठेवायचा परवाना, आपला लाडका सीओई, दहाच वर्षांचा. लहान गाड्यांचा सीओई नोव्हेंबर २००८ मध्ये २ डॉलरला गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच १ लाख ६ हजार! आम्ही २०१९ मध्ये दहा वर्षं वाढवून घेतला, त्यामुळे २०२९ पर्यंत हीच. वर रोड टॅक्सवर ५० टक्के अधिभार, दरवर्षी तपासणी. इंजिन छान आहे हो, पण आवाज!

गतिरोधकावरून गेलं की डावीकडून कुठूनतरी खुळखुळ. उन्हात तापलेली असली की गप्प, एसी लावून दहा मिनिटं झाली की सुरू. (प्लास्टिक तापलं की पत्र्यापेक्षा जास्त फुगतं, फटी घट्ट बसतात, गार झालं की पुन्हा सैल.) एका गॅरेजवाल्याने पैसे घेऊन 'काही नाही' सांगितलं.

मे महिन्यात सांगलीहून अण्णा आले. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस. गाडी डेपोत शिरतानाच कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मोठ्या आशेने त्यांना शेजारी बसवून फेरी मारली. खुळखुळ जोरात चालू. अण्णा म्हणाले, "कुठाय आवाज?"

मला वाटलं, थट्टा करतायत. फोनवर ओरडून बोलावं लागतं ते लाइनमुळे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी काहीच बोललो नाही. तेच थोड्या वेळाने म्हणाले, "परत फिरव. थांबला की सांग." आणि तळहाताने एकेक जागा दाबत गेले. डॅशबोर्ड, कप्पा, खिडकीची कड. दाराच्या आतल्या पॅनेलचा खालचा कोपरा दाबला आणि आवाज बंद!

घरी येऊन पॅनेल उघडलं. आतल्या प्लास्टिकच्या तीन क्लिपा तुटलेल्या, उरलेल्यांपैकी दोन काढताना तुटल्या. जुन्या गाडीत हे होणारच, म्हणून आधी डझनभर क्लिपा आणून ठेवा, स्वस्त असतात. जिथे प्लास्टिक पत्र्याला घासतं तिथे मऊ कापडी टेप. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. आणि काचेशेजारच्या खांबाचं कव्हर स्वतः ओढू नका, बऱ्याच गाड्यांत त्यामागे एअरबॅग असते.

कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला तर अण्णा म्हणाले, "आधी गाडी चालवून बघ." बघितली. प्रत्येक गतिरोधकानंतर ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी मान हलवून 'नाही' म्हणत होतो. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

टेपचा अर्धा रोल उरलाय. क्लेमेंटीच्या आसपास कुणाला हवा असेल तर कळवा.